मालदीव बेटांतील ईद : दरबार आणि किनारा

मालदीव बेटांच्या सामाजिक इतिहासाची साधने पाहू लागले असता एक विषमता प्रथमदर्शनीच ध्यानात येते. ही बेटे उत्तर-दक्षिण सुमारे साडेआठशे किलोमीटर पसरलेली असून लहानमोठ्या सुमारे बाराशे बेटांपैकी दोनशेच्या आतबाहेर बेटांवरच वस्ती आहे. लिखित साधने मात्र बहुतांशी एकाच बेटाची, म्हणजे राजधानी मालेची आहेत. इब्न बतूता चौदाव्या शतकात आला, तो मालेस राहिला. फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल याचे जहाज इ. स. १६०२ मध्ये तेथील प्रवाळखडकावर फुटले आणि तो १६०७ पर्यंत बेटांत अडकून पडला. त्याचाही बहुतेक काळ मालेतच गेला. मुंबईच्या आरमारातील यंग व क्रिस्टोफर हे अधिकारी १८३४-३५ मध्ये समुद्रमापनाच्या मोहिमेतून मागे राहिले व त्यांनी बेटवासीयांवर लिहिलेला वृत्तान्त मुंबईच्या भूगोल-संस्थेने प्रसिद्ध केला. तेही मालेतच राहिले होते. परिणामी मालदीवमधील सण म्हणून जे कागदावर आले ते राजधानीतील सण होत. इतर बेटांवरील लोक ईद कशी साजरी करीत, हे कोणी लिहून ठेवले नाही. ते त्यांनी स्वतःच दरवर्षी करून दाखवून जतन केले. या दोन प्रकारच्या साधनांची सांगड कशी घालावी, आणि कोठे घालू नये, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

मालदीवमध्ये रमजानच्या उपवासानंतर येणाऱ्या ईदला ‘कुडा ईद’ म्हणजे धाकटी ईद, आणि जिल्हेजच्या दहाव्या तिथीस येणाऱ्या ईदला ‘बोडु ईद’ म्हणजे थोरली ईद म्हणतात. महाराष्ट्रात ही दुसरी ईद ‘बकरी ईद’ म्हणून ओळखली जाते. पण ज्या बेटांवर बकरीच दुर्मीळ, तेथे हे नाव रुजणे शक्य नव्हते. पिरारच्या काळी गाईबैल केवळ राजाच्या बेटावर होते, तेही राजाच्या मालकीचे, आणि वर्षातील मोजक्या सणांनाच त्यांतील काही कापले जात. कुर्बानी हा ज्या सणाचा इतरत्र कणा, तो सण सामान्य बेटकऱ्याच्या वाट्याला कुर्बानीवाचूनच येत असला पाहिजे. मग थोरली ईद थोरली कशामुळे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पशूंत नव्हे तर माशात सापडते. तत्पूर्वी दरबारी ईदेचा परामर्श घेणे इष्ट होय.

इब्न बतूताने पाहिलेली ईद हिजरी ७४४ मधील शव्वालची, म्हणजे फेब्रुवारी १३४४ मधील आहे. सिंहासनावर राणी खदीजा होती. परंतु कारभार तिचा पती वजीर जमालुद्दीन याच्या हाती होता. वजिराच्या वाड्यापासून ईदगाहापर्यंतचा मार्ग शृंगारलेला होता. जमिनीवर पायघड्या अंथरल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना कवड्यांच्या राशी घातल्या होत्या. ज्या सरदारांची घरे त्या वाटेवर होती, त्यांनी दारापुढे लहान माड, पोफळी व केळी रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर हिरवे नारळ टांगले होते. घरधनी दारात उभा राही व वजीर जवळ येताच त्याच्या पायांवर रेशमी किंवा सुती वस्त्र टाकी. ते वस्त्र आणि वाटेवरील कवड्या वजिराचे दास उचलून घेत. वजीर मिसरी झगा व मोठी पगडी घालून पायी चालला होता. त्याच्यावर चार छत्र्या धरलेल्या होत्या. त्याच्या पायांत वहाणा होत्या. इतर सर्व अनवाणी होते. पुढे शिंगे व नगारे वाजत होते, मागेपुढे सैनिक तक्बीर घोषवीत होते.

नमाजानंतर खुत्बा वजिराच्या मुलाने दिला. त्यानंतर एक मेणा आणण्यात आला व वजीर त्यात बसला. यापूर्वी तो कधी मेण्यात बसला नव्हता, कारण तो मान राजाचा, असे इब्न बतूता सांगतो. या एका तपशिलात त्या दिवसाचे सारे राजकारण सामावले आहे. राणी सिंहासनावर असताना तिच्या पतीने राजचिन्ह धारण करावयाचे, तर त्यास ईदेहून योग्य मुहूर्त कोणता? सर्व अमीर उमराव एकत्र जमलेले असतात आणि त्या दिवशी वस्त्रे टाकून प्रणाम करणे हा प्रघातच असतो. त्यामुळे नवा मानही जुन्या प्रघाताच्या ओघात स्वीकारला जातो.

राजवाड्यातील भोजनाच्या वर्णनात एक गंमतीचा प्रसंग आहे. ताटांत कोल्लमहून भेट आलेले, तारलीच्या जातीचे खारवलेले मासे होते. वजिराने एक उचलून पाहुण्यास आग्रह केला, की हा आमच्या देशात मिळत नाही, खाऊन पाहा. पाहुणा म्हणाला, की हा शिजवलेला नाही, कसा खाऊ? शिजवलेलाच आहे, असे वजिराचे म्हणणे. त्यावर मोरोक्कोच्या त्या गृहस्थाने उत्तर दिले, की या माशाची मला चांगली ओळख आहे, माझ्या देशात तो विपुल आहे. ज्या बेटांचे अवघे जीवन माशांवर, तेथील राजाच्या पंक्तीचे भूषण म्हणजे मलबारहून आलेला मासा! सुबत्तेचे लक्षण स्वतःच्या समुद्रातील नव्हे, तर परक्या समुद्रातील वस्तू हे होते.

कवड्यांच्या राशींचा अर्थही याच दिशेने लावावा लागतो. कवडी हे तेथील चलन होते आणि निर्यातीची वस्तूही. एका सुवर्ण दिनारास चार लक्ष कवड्या असा सामान्य भाव इब्न बतूता देतो. कधी तो बारा लक्षांपर्यंत उतरे. बंगालचे लोक कवड्यांच्या मोबदल्यात तांदूळ देत. मालदीवच्या प्रवाळभूमीत भात पिकत नाही. तेव्हा ईदेच्या दिवशी रस्त्यावर ज्या राशी घातल्या गेल्या, त्या एका अर्थी तांदळाच्याच राशी होत्या. तांदळाचे हे परावलंबन किती खोल आहे, ते दुसऱ्या महायुद्धात दिसले. आयात तुटली तेव्हा बेटांवर अन्नान्नदशा झाली व लोकांना झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. अशा भूमीत सणाच्या दिवशी भात वाढणे हा केवळ पाककृतीचा विषय राहत नाही.

इब्न बतूताचा वृत्तान्त दहा-बारा वर्षांनी, फेज येथे, आठवणीने सांगून लिहविलेला आहे, आणि त्याची दृष्टी मानमरातबाची आहे. वहाणा कोणाच्या पायांत होत्या हे तो विसरत नाही. पण त्या दिवशी कोळ्यांनी काय केले, बायका कोठे होत्या, मिरवणूक गेल्यावर संध्याकाळी किनाऱ्यावर काय चालले, याविषयी तो मूक आहे. पुढे काही काळ काझीपद भूषविलेल्या माणसाचे हे मौन अज्ञानाचे असेल किंवा उपेक्षेचे असेल. त्यावरून त्या काळी किनाऱ्यावर काहीच नव्हते असे अनुमान काढणे मात्र गैर ठरेल. त्याचप्रमाणे आज जे दिसते ते त्या काळीही होते, असेही म्हणता येणार नाही.

आता किनाऱ्याकडे वळू. बेटांवरील ईदेचा दिवस नमाजाने सुरू होतो आणि त्यानंतर घरोघरी जाणेयेणे, गोड भात, माशांचे पदार्थ, चहा असा त्याचा क्रम असतो. एवढ्यापुरते वेगळेपण फारसे नाही. वेगळेपण सुरू होते ते दुपारनंतर. ‘फेन-कुळि’ म्हणजे पाण्याचा खेळ; यात स्त्रिया व पुरुष परस्परांवर पाणी उडवितात. ‘बोडु बेरु’ नावाच्या मोठ्या ढोलांवर समूहगायन व नृत्य चालते. ‘कोडि’ नावाची माडाच्या पात्यांची सजविलेली वस्तू उंच बांधून ती तोडण्याचा खेळही काही ठिकाणी आहे. या सर्वांत लक्षणीय म्हणजे ‘बोडु मस’. बोडु म्हणजे मोठा, मस म्हणजे मासा. माडाच्या झावळ्या विणून एक प्रचंड मासा तयार करतात, जणू तो समुद्रातून पकडला असावा असा अभिनय करीत दोरखंडांनी ओढून गावात आणतात, आणि त्याच्यामागून ‘माली’ येतात. माली म्हणजे समुद्रातील भुते. अंगाला राख किंवा रंग फासलेली, पानांनी व गोणपाटांनी झाकलेली माणसे ही सोंगे घेतात. वावु प्रवाळकंकणातील फुलिधू बेट या प्रकारासाठी विशेष प्रसिद्ध आहे. तपशील मात्र बेटागणिक बदलतात. (‘अ‍ॅटॉल’ ही जगभर रूढ झालेली संज्ञा मुळात धिवेहीतील ‘अतोळु’ होय, हे येथे सहज नमूद करण्यासारखे आहे.)

या खेळामागे सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी. एका माणसास किनाऱ्यावर कधी न पाहिलेला प्रचंड मासा दिसतो. त्याच्यासवे समुद्रातून भुते वर येतात, गाव भयभीत होते. अखेर मंत्रविद्या जाणणारा एक धार्मिक पुरुष त्यांचा पराभव करतो आणि मासा गावकऱ्यांच्या हाती लागतो. या विद्येस धिवेहीत ‘फंडित’ म्हणतात. शब्द उघडच ‘पंडित’ आहे. मात्र तीत पठण होते ते कुराणातील आयतांचे. धिवेहीत मूळ ‘प’चा ‘फ’ होतो. हा नियम ध्यानी घेतला म्हणजे ‘फेन’ हे आपले ‘पाणी’च, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. ‘मस’ आणि ‘मासा’ दोन्ही मत्स्यापासून आलेले. शिजलेल्या तांदळास धिवेहीत जो शब्द आहे तो ‘बत’ असा लिहून ‘बइ’ असा उच्चारतात, आणि तो ‘भात’ या शब्दाचा सख्खा भाऊ होय. विल्हेल्म गायगर याने ही भाषा सिंहलीची भगिनी असल्याचे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. तेव्हा हे साम्य एका विशाल भाषाकुलाचे आहे, प्रत्यक्ष देवघेवीचे नव्हे. पाण्याच्या खेळात रंगपंचमी शोधण्याचा मोह ज्यांना होईल त्यांनी हा भेद विसरू नये.

याहून मोठा मोह दुसरा आहे. मालदीवच्या धर्मांतराची जी आख्यायिका इब्न बतूताने तेथे ऐकली, ती बोडु मसच्या कथेशी फार जुळते. दर महिन्यास समुद्रातून दिव्यांनी भरलेल्या गलबतासारखा एक राक्षस येई. लोक चिठ्ठ्या टाकून एक कुमारिका निवडीत, तिला शृंगारून किनाऱ्यावरील देवळात ठेवीत, आणि सकाळी ती मृत आढळे. मगरिबहून आलेला अबुल बरकात हा पाहुणा एका वृद्धेच्या मुलीऐवजी स्वतः त्या देवळात बसला व रात्रभर कुराण पठण करीत राहिला. तो ध्वनी ऐकून राक्षस समुद्रात परतला आणि पुढे राजाने इस्लाम स्वीकारला. लोकपरंपरेत या राक्षसाचे नाव रन्नमारी असे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेला इतिहासकार हसन ताजुद्दीन धर्मांतराचे श्रेय तब्रीझच्या एका शेखास देतो. परंतु साल ११५३ हेच मानले जाते. समुद्रातून आलेले भय, असहाय गाव, पठण करणारा पुरुष आणि भयाचे समुद्रात विसर्जन ही चारही अंगे दोन्ही कथांत आहेत.

यावरून बोडु मस म्हणजे रन्नमारीच्या कथेचा नाट्याविष्कार, असे विधान सहज केले जाते. ते सिद्ध झालेले नाही. समुद्रातून येणारी भुते ही मालदीवच्या लोककथांत इतकी सार्वत्रिक आहेत, की दोन कथांतील साम्य एका उगमाचे न असता एकाच समान भयाचे असू शकते. वस्ती सखल, चहूबाजूंनी पाणी, आणि होडीतून गेलेला माणूस परत येईलच याची शाश्वती नाही, अशा समाजाला भुतांसाठी दुसरी दिशा उरतच नाही.

तथापि एक तिसरे साधन यात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. इस्धू बेटावरील लोमाफानु, म्हणजे ताम्रपट, इ. स. ११९४ च्या सुमाराचा आहे. त्यात राक्षस नाही, कुमारिका नाही, पाहुणा नाही. राजाज्ञेने बौद्ध विहार पाडल्याचा, भिक्षूंना मालेस नेऊन त्यांचा शिरच्छेद केल्याचा आणि मशिदीस जमीन दिल्याचा त्यात उल्लेख आहे. राजधानीतील धर्मांतरानंतर सुमारे चाळीस वर्षांनी दक्षिणेकडील बेटांवर जे घडले त्याचा हा समकालीन पुरावा होय, आणि साधनचिकित्सेच्या दृष्टीने त्याच्यापुढे कोणतीही आख्यायिका टिकत नाही. परंतु ताम्रपटातील घटना कोणी सण म्हणून खेळत नाही. लोकांनी जे स्मरण निवडले त्यात राजाची तलवार नाही. त्यात आहे ते पठणाने परतविलेले समुद्राचे भय. हे स्मरण असत्य म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. घटना म्हणून ते असत्यच असेल. परंतु आपण मुसलमान कसे झालो हे त्या समाजाला कसे सांगावेसे वाटले, याचा तो अस्सल दस्तऐवज आहे. बोडु मस त्या कथेतून निघाला असो वा नसो, ईदेच्या दिवशी तो खेळला जातो तो याच भाववृत्तीने.

येथे अभ्यासकांच्या एका प्रवृत्तीचा विचार करणे भाग आहे. क्लॅरेन्स मॅलोनी (१९८०) व झेवियर रोमेरो-फ्रीयास (१९९९) यांनी मालदीवच्या संस्कृतीतील इस्लामपूर्व थर परिश्रमपूर्वक उजेडात आणले, आणि भग्न स्तूप, भाषा व लोककथा यांचा पुरावा पाहता ते थर नाकारता येत नाहीत. पण त्यापुढे जाऊन ईदेची प्रत्येक क्रीडा ‘बौद्ध अवशेष’ म्हणून नोंदविणे ही घाई होय. बोडु मसच्या कथेचा कळसच मुळी पवित्र पठणाचा विजय हा आहे. तो काढून टाकला तर कथा उरत नाही, नुसता मासा उरतो. म्हणजे इस्लाम हा या खेळावर मागाहून चढविलेला झगा नसून त्याचा अस्थिपंजर आहे. मासा व भुते जुनी असतील. त्यांचा पराभव मात्र मुसलमान समाजानेच रचला आहे.

हा वाद केवळ अभ्यासिकेपुरता नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये मालेच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात जमाव घुसला आणि इस्लामपूर्व काळातील प्रवाळदगडी मूर्तींचा त्याने चुराडा केला. एकीकडे नाचगाण्यास व भुतांच्या सोंगांस धर्मबाह्य मानणारे कर्मठ मत अलीकडच्या दशकांत प्रबळ झाले आहे. दुसरीकडे १९७२ पासून वाढलेल्या पर्यटनामुळे तीच सोंगे पाहुण्यांसमोर ‘प्राचीन विधी’ म्हणून मांडली जातात. प्राचीन म्हणजे इस्लामपूर्व, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. त्यांचे भांडण केवळ त्याची किंमत काय, एवढ्यापुरतेच आहे. हे गृहीतच पुराव्याने पुष्ट नाही, हे सांगण्याची जबाबदारी इतिहासाच्या अभ्यासकावर येऊन पडते.

दरबारी ईदेचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगता येते. १८१५ मध्ये सुलतान मुहम्मद मुईनुद्दीनने मालेस प्रवाळदगडाची ईद-मशीद बांधली. पिरारने राजचिन्ह म्हणून नोंदविलेली पांढरी छत्री सुलतानांबरोबर विसाव्या शतकापर्यंत टिकली. १९६५ मध्ये ब्रिटिश संरक्षण संपून देश स्वतंत्र झाला, ११ नोव्हेंबर १९६८ रोजी सुलतानशाही संपली, आणि त्याच सुमारास राजवाड्याचा बहुतेक भाग पाडण्यात आला. उरलेल्या आवारात बाग झाली. ज्या ईदेविषयी सर्वाधिक लिखित पुरावा आहे ती ईद अशा रीतीने तिच्या धन्याबरोबर नाहीशी झाली, आणि जिच्याविषयी जुन्या ग्रंथांत क्वचितच एखादी ओळ सापडावी ती ईद बेटांवर चालू राहिली.

तिचे स्वरूपही आता तसेच राहिलेले नाही. देशातील लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा मालेत व तिच्या लगतच्या बेटांवर एकवटला आहे, आणि थोरल्या ईदेच्या आधी मालेच्या धक्क्यांवर आपापल्या बेटांना निघालेल्या कुटुंबांची गर्दी लोटते. बेटावर वर्षभर थोडकी माणसे असतात. झावळ्या कापणे, विणणे व ओढणे यांसाठी लागणारे हात ईदेच्या बोटीने येतात. २०११ पासून निवडून येऊ लागलेल्या बेट-परिषदाही आता या कार्यक्रमांत लक्ष घालतात. मालेच्या वस्तुसंग्रहालयात सुलतानांची आसने व मेणे जपून ठेवलेले आहेत. झावळ्यांचा मासा तेथे ठेवण्याची सोय नाही. हिरवी पाती थोड्याच दिवसांत वाळून तपकिरी होतात, वीण सुटते, आणि पुढच्या ईदेस माडावर पुन्हा कोणाला तरी चढावे लागते.